रेंज आहे, पण नेट नाही: परदेशातलं प्रीपेड सिम सुरू होताना काय काय घडतं

विमानाची चाकं जमिनीला टेकली की आजूबाजूच्या रांगांमधून टिंग टिंग आवाज सुरू होतात. ज्यांचं रोमिंग चालू आहे त्यांचे फोन जागे होत असतात. तुमचा मात्र गप्प, कारण तुम्ही तिथलंच प्रीपेड सिम घ्यायचं ठरवलंय. बाहेर येऊन ते विकत घेता, एका बाकावर बसून पिनेने ट्रे उघडता, नखाएवढं कार्ड बसवता. वर कोपऱ्यात अनोळखी कंपनीचं नाव उमटतं, रेंजच्या काड्या भरतात. हुश्श करून नकाशा उघडता आणि तो पांढराच राहतो.

रेंज आहे, नेट नाही. सिम विकणारा म्हणतो चालू आहे. फोन म्हणतो चालू आहे. आणि गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात.

‘सिम चालू झालं’ हे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात चार वेगवेगळी कामं दडलेली असतात. नेटवर्कने कार्डाला ओळखणं, कंपनीने तुम्हाला ओळखणं, पॅकचं मीटर पडणं आणि फोनला इंटरनेटचा रस्ता सापडणं. ही कामं एकाच जागी होत नाहीत, एकाच वेळीही होत नाहीत. तीन झाली आणि एक राहिलं तरी तुमच्या लेखी सिम बंदच. कुठलं राहिलंय ते लक्षणांवरून ओळखता येतं, आणि ते ओळखता आलं की काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालण्यात जाणारा तास वाचतो.

कार्डात असतं तरी काय?

सिम हा एक छोटासा कंप्युटर आहे. १९९१ साली म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीला पहिली ३०० सिम कार्डं विकली, तेव्हा ती बँकेच्या कार्डाएवढी होती. आजचं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं. भोवतीचं प्लास्टिक कमी होत होत इथवर आलं, सोनेरी चकतीचं मुख्य काम मात्र तेच राहिलं: एक क्रमांक सांभाळायचा आणि एक गुपित सांभाळायचं.

क्रमांक जास्तीत जास्त १५ आकडी असतो. त्याला आयएमएसआय म्हणतात. हा तुमचा फोन नंबर नव्हे. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे (जपानचे ४४०, थायलंडचे ५२०), पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे आणि उरलेले ग्राहकाचे. फोन नंबर कंपनीच्या नोंदवहीत या क्रमांकासमोर लिहिलेला असतो. म्हणून तर सिम हरवलं तरी नव्या कार्डावर जुनाच नंबर मिळतो: नोंदवहीतली एक ओळ बदलली की झालं.

गुपित म्हणजे एक १२८ बिटांची किल्ली. ती कार्डात आणि कंपनीकडे, अशी दोनच ठिकाणी असते आणि कधीही हवेतून पाठवली जात नाही. मग पाठवल्याशिवाय ओळख कशी पटते? समजा दाराबाहेर कोणीतरी उभं आहे. आपल्या माणसाशी तुमचा एक गुप्त हिशोब ठरलाय, की मी जो आकडा सांगेन त्याला अमुकने गुणायचं, त्यात तमुक मिळवायचं. तुम्ही आतून म्हणता ‘३७’. बाहेरून उत्तर येतं. तुम्हीही मनात तोच हिशोब करून ठेवलेला असतो. जुळलं तर कडी काढायची. भिंतीला कान लावून बसलेल्या तिसऱ्याला ३७ ऐकू आले, उत्तरही ऐकू आलं, पण हिशोब काही कळला नाही. आणि पुढच्या खेपेला आकडा वेगळा असणार. खरा हिशोब याहून कितीतरी किचकट असतो, पण टॉवर आणि कार्ड यांच्यात चालतं ते हेच.

विकायला ठेवलेल्या कार्डात क्रमांक आणि किल्ली आधीच भरलेली असते. कंपनीच्या नोंदवहीत मात्र त्या क्रमांकाला अजून सेवा सुरू झालेली नसते. ॲक्टिव्हेशन म्हणजे मुळात ती नोंद बदलणं. कार्ड जसंच्या तसं असतं, जे काही होतं ते तिकडे, कंपनीच्या सर्व्हरवर. म्हणून सिम काढून, शर्टाला पुसून, फुंकर मारून परत घालण्याचा आपला जो विधी आहे, त्यातल्या पुसण्या-फुंकरण्याला काही अर्थ नाही. एअरप्लेन मोड लावून अर्ध्या मिनिटाने काढल्याने मात्र खरोखर फरक पडू शकतो, कारण तेव्हा फोन नव्याने दार ठोठावतो आणि नोंद नव्याने तपासली जाते.

‘नो सर्व्हिस’, ‘सिम नॉट प्रोव्हिजन्ड’ किंवा ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसत असेल तर अडचण बहुधा या पहिल्या पायरीवर आहे. सेटिंगमध्ये शिरून बोटं झिजवू नका. कंपनीकडे नोंद व्हायला थोडा वेळ द्या, फोन एकदा बंद करून चालू करा आणि तरीही नाही झालं तर जिथून सिम घेतलं तिथे जा.

कार्ड ज्या मोठ्या प्लास्टिकमधून तोडून काढता, तो सांगाडा फेकू नका. अनेक देशांत नवं सिम घातल्याबरोबर चार आकडी पिन मागतं आणि तो त्या सांगाड्यावर, खरवडायच्या पट्टीखाली असतो. तीनदा चुकलात की कार्ड कुलूपबंद. मग आठ आकडी पीयूके लागतो, तोही तिथेच छापलेला. पीयूके १० वेळा चुकला की कार्ड कायमचं गेलं. ८९ने सुरू होणारा १९-२० आकडी कार्ड क्रमांकही त्यावर असतो आणि मदतीसाठी फोन केला की पलीकडचा माणूस पहिल्यांदा तोच विचारतो. मी सांगाड्याचा फोटो काढून ठेवतो. एकदा विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात हात घालावा लागल्यानंतर लागलेली सवय आहे ही.

पैसे आधीच दिले, मग पासपोर्ट कशाला?

रास्त प्रश्न. पोस्टपेडमध्ये कंपनीला बिल बुडण्याची भीती असते, प्रीपेडमध्ये ती नाही. पण ओळखपत्र कंपनीला नको असतं, सरकारला हवं असतं. निनावी नंबरांचा वापर गुन्ह्यांसाठी होतो, म्हणून बऱ्याच देशांनी प्रीपेड सिमलाही नाव-पत्ता जोडणं सक्तीचं केलं. जर्मनीत १ जुलै २०१७पासून ओळख तपासल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू करता येत नाही. चीनमध्ये १ डिसेंबर २०१९पासून नवा नंबर घेताना चेहराही स्कॅन करावा लागतो. उलट ब्रिटनमध्ये अशी सक्तीच नाही. सिम घ्या, घाला, रिचार्ज करा. तेव्हा ‘मागच्या वेळी तर पाच मिनिटांत झालं होतं’ या अनुभवाला दुसऱ्या देशात काडीची किंमत नाही.

काउंटरवर सिम घेतलं तर ही पायरी तिथला माणूस उरकतो. वेबसाइटवरून किंवा ॲपमधून करायची वेळ आली की ती तुमच्यावर येते आणि बहुतेक सिमं इथे अडतात. पासपोर्टच्या फोटोवर दिव्याची चकाकी पडलेली असते. नावाचा क्रम चुकलेला असतो. पासपोर्टच्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी असतात ना, मशीन त्या वाचतं आणि तिथे आडनाव आधी असतं. तुम्ही फॉर्ममध्ये नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं ऐसपैस लिहिलंत आणि ते जुळलं नाही की अर्ज माणसाकडे तपासणीला जातो. माणूस म्हणजे कामाचे तास आले, शनिवार-रविवार आला. पत्ता मागितला तर जिथे उतरणार आहात त्या हॉटेलचा सहसा चालतो.

इथे एक मोह होतो. सिम विकणारा म्हणतो, ‘पासपोर्ट राहू द्या, आपल्याकडे एक चालू सिम आहे, तेच घ्या.’ ते दुसऱ्या कुणाच्या नावावर असतं. आज चालेल. उद्या बंद पडलं तर तुम्ही कंपनीला काय सांगणार? नाव विचारलं की खेळ संपला. शिवाय त्या नंबरवरून आधी काय काय झालंय ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्ही जे कराल ते त्या बिचाऱ्याच्या नावावर चढणार.

ओळखीची पायरी अर्धवट राहिल्याचं लक्षण मोठं फसवं असतं. रेंज पूर्ण दिसते, कंपनीच्या मदत क्रमांकाला फोनही लागतो, पण कुठलीही साइट उघडली की कंपनीचंच एक पान समोर येतं. ते पान म्हणजे बिघाड नव्हे; तोच दरवाजा आहे. माहिती तिथेच भरायची.

मीटर कधी पडतं?

सात दिवसांचा पॅक म्हणजे नेमके कुठले सात दिवस? हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा असतो. काही पॅक विकत घेतल्या क्षणी सुरू होतात. काही ॲक्टिव्हेट केल्यावर, काही त्या देशातल्या टॉवरला पहिल्यांदा जोडलं गेल्यावर. मग दिवस कसा मोजतात हे निराळंच. कुठे २४ तासांचा दिवस, म्हणजे संध्याकाळी सहाला सुरू झालेला पॅक बरोबर सात दिवसांनी संध्याकाळी सहाला संपतो. कुठे कॅलेंडरचा दिवस, म्हणजे रात्री साडेअकराला उतरलात तर पहिला ‘दिवस’ अर्ध्या तासात खलास. आणि मध्यरात्र कुठली? काही कंपन्या सगळा हिशोब एकाच प्रमाण वेळेत ठेवतात, त्यामुळे तुमची मध्यरात्र आणि त्यांची मध्यरात्र यांचा काही संबंध नसतो.

मी एकदा उत्साहाच्या भरात निघायच्या दोन दिवस आधी ‘ॲक्टिव्हेट’ हे निळं बटण दाबलं. पोहोचलो तोवर पाचांपैकी दोन दिवस घरच्या सोफ्यावर संपले होते. अटींमध्ये ते स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती. आता मी ‘इन्स्टॉल’ आणि ‘ॲक्टिव्हेट’ हे दोन शब्द वेगवेगळे वाचतो.

‘अनलिमिटेड’ या शब्दाबद्दल थोडक्यात: ठरावीक डेटा संपला की वेग इतका कमी करतात की मेसेज जातो, नकाशा रांगतो आणि व्हिडिओ कॉल विसरा. ती मर्यादा किती आणि हॉटस्पॉट चालतो का, एवढे दोन प्रश्न पुरे.

आता खरा छळ: रेंज आहे, नेट नाही

कार्ड ओळखलं गेलं, तुम्ही ओळखले गेलात, पॅकही सुरू झाला. तरी नकाशा पांढरा. आता दोष तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये असण्याची शक्यता दाट आहे.

सगळ्यात आधी वाय-फाय बंद करा. हे सांगताना जरा हसू येतं, पण फोन विमानतळाच्या मोफत वाय-फायला चिकटून बसलेला असतो, त्या वाय-फायचं लॉगिन तुम्ही केलेलं नसतं आणि शिव्या सिमला बसतात.

मग एपीएन. मोबाइल कंपनीकडून बाहेर पडायला बरीच दारं असतात आणि त्यातलं इंटरनेटकडे नेणारं कुठलं, ते फोनला नावाने सांगावं लागतं. ते नाव म्हणजे एपीएन. मोठ्या कंपनीचं सिम असेल तर फोन कार्डाकडे बघून ते आपोआप भरतो. पण स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्याचे टॉवर भाड्याने घेऊन धंदा करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांच्या सिमवर फोनचा गोंधळ होतो आणि तो टॉवरवाल्या मोठ्या कंपनीचंच दार ठोठावत राहतो. मागच्या प्रवासात हाताने भरलेलं जुनं एपीएनही आडवं येतं. सिमच्या पाकिटावर किंवा पत्रकावर एपीएन छापलेलं असतं. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कच्या आत जाऊन ते जसंच्या तसं टाइप करायचं आणि, हे महत्त्वाचं, सेव्ह करून ते निवडायचं. बऱ्याचदा माणसं नवं एपीएन भरतात आणि निवडलेलं जुनंच राहतं. माझं एकदा सगळं बरोबर होतं, फक्त कीबोर्डने स्वतःच्या मनाने शब्दाच्या शेवटी एक मोकळी जागा टाकली होती. स्क्रीनवर ती दिसत नाही. पाऊण तास गेला.

तिसरा खोडा म्हणजे डेटा रोमिंगचं बटण. प्रवासाला निघताना जाणत्यांनी बजावलेलं असतं की हे बटण बंद ठेव, नाहीतर बिल बघून डोळे पांढरे होतील. घरच्या सिमसाठी तो सल्ला अगदी बरोबर आहे. पण प्रवाशांसाठी विकली जाणारी बरीचशी सिमं मुळात तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात आणि तुम्ही जिथे उतरलात तिथे ती स्वतःच रोमिंगवर चालतात. त्यांच्यासाठी हे बटण चालू हवं. बिलाची भीती नको, पॅकचे पैसे आधीच घेतलेत. फक्त कुठल्या सिमचं बटण चालू करताय ते दोनदा बघा. दोन सिमांच्या फोनमध्ये ही दोन वेगळी बटणं असतात.

अशा सिमवर आणखी एक मजा दिसते. डेटा बहुधा त्या तिसऱ्या देशातून फिरून इंटरनेटवर जातो, त्यामुळे साइट्सना वाटतं तुम्ही तिथेच आहात. जाहिराती भलत्याच भाषेत येतात, बँकेचं ॲप संशयाने बघतं. सिम बिघडलेलं नाही. तुमचं पत्र दुसऱ्या गावच्या पोस्टात टाकलं गेलंय आणि शिक्का तिथला पडलाय, इतकंच.

ई-सिम: कार्डच नाही, मग घालायचं काय?

ई-सिम हा शब्द ऐकून सिम हवेत आहे असं वाटतं. तसं नाही. चकती आहेच, ती फोनच्या आत पक्की बसवलेली असते आणि तिला स्वतःचा ३२ आकडी क्रमांक असतो. फरक एवढाच की क्रमांक आणि गुपित कारखान्यात भरण्याऐवजी इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं. कंपनी जो क्यूआर कोड पाठवते त्यात सिम नसतं. त्यात एका सर्व्हरचा पत्ता आणि एक कोड असतो, म्हणजे सामान ठेवल्याची पावती. पावती दाखवली की फोन त्या सर्व्हरवरून तुमचं प्रोफाइल, म्हणजे तोच क्रमांक आणि तेच गुपित, आणतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही लोकांना महागात पडतात. पहिली म्हणजे, पावती दाखवायला इंटरनेट लागतं. उतरल्यावर ई-सिम घालू म्हणाल तर नेट मिळवण्यासाठी नेट हवं असा पेच. घरच्या वाय-फायवर, निघायच्या आधी प्रोफाइल उतरवून ठेवा, फक्त मीटर तेव्हाच पडणार नाही ना ते वर सांगितल्याप्रमाणे बघा. आणि क्यूआर कोड ज्या फोनवर आला त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो कसा स्कॅन करणार? आधीच दुसऱ्या स्क्रीनवर उघडा किंवा छापून घ्या. नाहीतर कोडमधली अक्षरं हाताने भरायचाही पर्याय असतो. दुसरी गोष्ट, पावती सहसा एकदाच चालते. नेट येत नाही म्हणून वैतागून ई-सिम ‘डिलीट’ केलंत तर तोच कोड पुन्हा स्कॅन करून उपयोग होत नाही. कार्ड काढून परत घालण्याची सवय इथे घातक आहे. बंद करा, चालू करा, पण पुसू नका.

२०२२मध्ये अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ला सिमचा ट्रेच नव्हता. म्हणजे अशा फोनच्या मालकांपुढे ‘तिथे जाऊन कार्ड घेऊ’ हा पर्यायच उरला नाही. फोन घेतानाच हे बघायला हवं, विशेषतः दुसऱ्या देशातून कुणाकडून मागवत असाल तर.

जुनं सिम काढून ठेवलं आणि मग…

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. एकाच सिमचा फोन होता. घरचं कार्ड काढून कागदाच्या पाकिटात, पाकीट पैशांच्या पाकिटात. नवं कार्ड घातलं. त्या कंपनीच्या साइटवर पॅक घेताना बँकेने ओटीपी पाठवला. कुठे? पाकिटातल्या कार्डाच्या नंबरवर. पिन शोधली, ट्रे उघडला, जुनं कार्ड घातलं. ते रोमिंगवर जागं होईपर्यंत ओटीपीची मुदत संपली. पुन्हा मागवला, आला, पण तो भरायचं पान ज्या नेटवर उघडायचं ते नवं सिम आता माझ्या तळहातावर होतं. शेवटी एका सहप्रवाशाच्या हॉटस्पॉटवर काम झालं. तो माणूस पूर्ण वेळ माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याची बँक लुटतोय.

म्हणून फोनमध्ये दोन सिमांची सोय असेल तर घरचं सिम बंद करू नका. लाइन चालू ठेवा, फक्त तिचा डेटा आणि डेटा रोमिंग बंद करा आणि इंटरनेटसाठी नवं सिम निवडा. ओटीपीचा मेसेज डेटावर येत नाही, त्याला नुसती लाइन पुरते. मात्र घरच्या कंपनीकडे आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय निघायच्या आधी चालू करून घ्यावी लागते. बाहेर पडल्यावर ती चालू करायला बऱ्याचदा पुन्हा ओटीपीच लागतो. रोमिंगमध्ये आलेला फोन उचलला की पैसे पडू शकतात हेही लक्षात असू द्या. आणि गरजेनुसार डेटाचं सिम आपोआप बदलण्याची एक सोय फोनमध्ये असते, ती बंद करा. नाहीतर नव्या सिमची रेंज गेली की फोन मोठ्या मनाने घरच्या सिमवर उडी मारतो.

‘नवा नंबर घेतला तर व्हॉट्सॲप जाईल ना?’ नाही. व्हॉट्सॲप ज्या नंबरने नोंदवलं त्याच नंबरवर चालू राहतं, नेट कुठल्याही सिमचं असो. नवं सिम घातल्यावर ते नंबर बदलायचा का विचारतं. नाही म्हणायचं.

सिम बरोबर, सेटिंग बरोबर, फोनच घेत नाही

हप्त्यांवर किंवा कंपनीच्या योजनेत घेतलेला फोन त्या कंपनीच्याच सिमला बांधलेला असू शकतो. त्याला सिम-लॉक म्हणतात आणि तो सोडवायचं काम त्या मूळ कंपनीचंच. आयफोनच्या ‘अबाउट’ पानावर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं लिहिलेलं असेल तर फोन मोकळा आहे. हे घरीच बघायचं काम आहे.

दुसरं कारण नवं आहे आणि अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. अनेक देश जुनं थ्रीजी बंद करत आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये केलं, तैवानने जून २०२४मध्ये, ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर. पूर्वी फोनवर बोलणं टूजी-थ्रीजीवर चालायचं. आता ते फोरजीवरूनच करावं लागतं, त्याला व्होल्टे म्हणतात. एखाद्या फोनचं व्होल्टे घरच्या कंपनीवर चालतं, पण परक्या कंपनीवर चालत नाही. मग उलटीच तऱ्हा होते: नेट फर्मास, पण कॉल लागत नाही. ऑस्ट्रेलियात तर फोरजीवरून आणीबाणीचा कॉल करू न शकणारे फोन कंपन्यांनी नेटवर्कवरून बंदच करायचे असा नियम आहे. ‘सिमशिवायही ११२ लागतो’ यावरही डोळे झाकून विसंबू नका. खोट्या कॉलना कंटाळून जर्मनीने २००९पासून सिम नसलेल्या फोनवरून आणीबाणीचा कॉल बंद केला.

तिसरं कारण लांब मुक्कामाचं. प्रत्येक फोनला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# डायल केलं की दिसतो. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन स्थानिक सिमवर १२० दिवस चालतो, नंतर तो नोंदवून शुल्क भरलं नाही तर नेटवर्क त्याला नाकारतं. अशा वेळी सिमं बदलून उपयोग नाही, कारण त्यांची तक्रार फोनबद्दल असते.

एवढी यातायात करण्यापेक्षा रोमिंग पॅक बरा नाही का?

दोन-तीन दिवसांचं काम असेल, तर खरंच बरा. मी तेच करतो. नंबर तोच राहतो, ओटीपी येतात, काही घालायचं-काढायचं नाही. मुक्काम वाढला, डेटा जास्त लागला किंवा तिथल्या लोकांना तुम्हाला स्थानिक नंबरवर फोन करायचा असला, की गणित फिरतं. स्थानिक नंबर हवा असेल तर आणखी एक तपासा: प्रवाशांसाठीची बरीचशी ई-सिमं फक्त डेटाची असतात, त्यांना नंबरच नसतो. टॅक्सीचं ॲप नंबर मागतं तेव्हा हे कळतं.

अनेक देश फिरायचे असतील तर युरोपीय संघात सोय आहे. १५ जून २०१७पासून तिथल्या एका देशाचं सिम संघातल्या दुसऱ्या देशात जादा रोमिंग शुल्काशिवाय चालतं, डेटाला काही मर्यादा असू शकते. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइनही त्यात येतात. स्वित्झर्लंड येत नाही. आणि फोनला सीमारेषा कळत नाही. स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या सरोवराकाठी फिरताना तो पलीकडच्या टॉवरला जाऊन चिकटतो. तिथे नेटवर्क हाताने निवडून ठेवायचं.

परतल्यावर

घरी आलात की हाताने भरलेलं एपीएन काढून टाका, डेटाचं सिम पुन्हा घरचं निवडा. परदेशी नंबरला बँक, ईमेल, कुठलंही खातं जोडलं असेल तर ते आधी सोडवा, कारण प्रीपेड नंबर रिचार्जविना पडून राहिला की कंपनी तो काही काळाने दुसऱ्याला देते. मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे.

तुमच्या हातात पडणारा ‘नवा’ नंबरही असाच कुणाचा तरी जुना असतो. एकदा सिम चालू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोच पहिला मेसेज आला. भाषांतर करून वाचला: दातांच्या डॉक्टरांकडची उद्या साडेदहाची वेळ ठरलेली आहे, येणार असाल तर १ पाठवा, नसाल तर २. मी बराच वेळ तो मेसेज बघत बसलो. १ही पाठवला नाही, २ही नाही.